पेटीत उरलेला जोड

लाँचवर चढताना आधी चपला काढायच्या आणि मगच पाय आत टाकायचा, हा नियम बरोबरमामांच्या वडिलांनी घालून दिला होता. मामांनी तो एकतीस वर्षं पाळला. शिडीच्या डोक्याशी एक लाकडी पेटी असे. मूळची सफरचंदांची, पण खिळे मारून मारून ती इतकी मजबूत झाली होती की उद्या लाँच बुडाली असती तरी पेटी तरंगत राहिली असती. प्रत्येकानं आपलं पायताण त्या पेटीत ठेवायचं. कुणी कारण विचारलं तर मामा सांगत, ओल्या फळीवर चपलेचा पाय घसरतो. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. मामा माणसं मोजत नसत, जोड मोजत.

"डोकी हलतात हो," ते म्हणत. "एक खाली वाकतं, एक दुसऱ्याच्या मागं जातं, पोरं तर थेट छतावर. चप्पल बिचारी ठेवाल तिथं असते."

ही अक्कलही वडिलांचीच. म्हाताऱ्यानं एकदा एका मोठ्या कुटुंबाला बेटावर नेलं आणि परतताना सात वेळा डोकी मोजली. सात उत्तरं आली. सातव्या वेळी त्यांनी एक बकरी मोजली आणि घरातल्या आजोबांना वगळलं. त्या दिवसापासून पेटी आली. जाताना जोड मोजायचे, येताना मोजायचे आणि आकडा जुळला की मामा धक्क्यावरच्या मांजरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "बरोबर." त्यावरूनच त्यांना बरोबरमामा म्हणू लागले. बायकोनं भाजीत मीठ कसं आहे विचारलं तरी उत्तर तेच. एकदा एक पाय लाकडाचा असलेले निवृत्त स्टेशनमास्तर आले. मामांनी पेटीत डोकावून शांतपणे जाहीर केलं, "साडेसव्वीस." परतताना पुन्हा, "साडेसव्वीस. बरोबर." स्टेशनमास्तर इतके हसले की त्यांना दोघांनी धरून बसवावं लागलं.

बेट तसं समोरच दिसायचं. पावणेदोन किलोमीटर फार तर. नारळीची दाट रांग, तिच्यापुढं पांढरी वाळू आणि माणूस एकही नाही, प्यायचं पाणीही नाही. भरतीच्या वेळी लाँच गाळ चुकवत, वळसे घेत पाऊण तासात पोचे. ओहोटी लागली की मात्र सगळा नकाशाच बदलायचा. बेटाकडून वाळूचा एक लांब दांडा वर यायचा, धक्क्याच्या दिशेनं हात पुढं केल्यासारखा. बघणाऱ्याला वाटावं, चला, चालत जाऊ. आणि तिथंच गोम होती. दांडा अर्ध्या वाटेत संपायचा आणि पुढं धक्क्यापर्यंत गाळ. वरून वाळूसारखाच सुकलेला, आतून लोण्यासारखा. माणूस त्यात कमरेपर्यंत जातो, मग हलत नाही आणि भरती काही कुणाची वाट बघत नाही. दांडा संपतो तिथं वडिलांनी एक जाड काठी रोवली होती. काठीच्या पुढं पाऊल नाही. इथल्या प्रत्येक पोराला चालायला लागल्यापासून हे माहीत. परक्या माणसाला कोण सांगणार?

त्या सकाळी वीस जोड होते. एकोणीस विद्यार्थी आणि त्यांच्या बाई. मुलं कुठल्या कुठल्या देशांतली, सोळा-सतरा वर्षांची. अदलाबदलीच्या योजनेत आलेली. इथली मुलं तिकडच्या घरांत, तिकडची इथं, वर्षभर. दहा महिने ती इथल्या घरांत राहिली, इथल्या शाळेत बसली आणि इथली भाषा आपल्या पद्धतीनं बोलू लागली. सहल शेवटची होती. दोन दिवसांनी प्रत्येकाचं विमान वेगळ्या दिशेला. त्यामुळं लाँचवर हसणं आणि डोळे पुसणं एकाच वेळी चाललं होतं.

त्यांत एक उंच, सडपातळ मुलगी होती. ती ज्या घरी राहत होती तिथल्या आईनं तिचं नाव माऊ ठेवलं होतं, कारण ती पाय न वाजवता चालायची. चपला तिला नको असत. पेटीत तिनं आपल्या निळ्या पट्ट्यांच्या सॅंडल ठेवल्या तेव्हा म्हणाली, "मामा, ह्या इथंच झोपू दे. मी असंच जाते."

"अगं, वाळू तापते तिकडं. घालून जा," मामा म्हणाले. बेटावर उतरताना तिनं त्या हातात घेतल्या, पायात नाही.

साडेदहाला मामांनी भोंगा दिला. अकरापर्यंत निघालं नाही तर पाणी उतरतं. मुलं धावत आली, कुणाच्या हातात शिंपले, कुणाच्या डोक्यावर दुसऱ्याची टोपी. आठवण म्हणून आपसांत सगळंच बदललं होतं त्यांनी. माऊची मैत्रीण, कुरळ्या केसांची, तिला सगळे कुरळीच म्हणत, सगळ्यात शेवटी आली. तिला वाटेत वाळूवर निळ्या सॅंडल दिसल्या. ही बया नेहमीसारखी अनवाणीच पुढं गेली असणार, असं समजून तिनं त्या उचलल्या. माऊची पिशवी तर सकाळपासून तिच्याच खांद्यावर होती. तिनं आपला आणि तिचा, दोन्ही जोड पेटीत टाकले आणि जागा पकडायला आत पळाली. माऊ छतावर बसली असेल, तिथं सहा-सातजण होतेच.

माऊ तेव्हा बेटाच्या मागच्या बाजूला होती. वारा समुद्राकडून होता. भोंगा तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

बाई जाताना समुद्र लागून अर्धमेल्या झाल्या होत्या आणि परतीच्या विचारानंच त्यांचा चेहरा पडला होता. तरी त्यांनी विचारलं. "मामा, सगळे आले ना? एकदा नावं घेऊ का?"

मामा पेटीत वाकले होते. अठरा, एकोणीस, वीस. "बाई, वीसचे वीस आहेत. चप्पल काय आपली आपण चालत येते? बसा निवांत. बरोबर."

आणि लाँच सुटली.

चपलेचं ते वाक्य मामांना पुढं किती वेळा ऐकू आलं, त्याला गणती नाही. कुणी बोललं नाही, त्यांनाच ऐकू यायचं.

धक्क्यावर मुलं उतरली, ज्यानं त्यानं आपापलं पायताण घेतलं, कुरळीनंही घेतलं. मामांनी सवयीनं पेटी उलटी करून झटकायला उचलली आणि ती रिकामी नव्हती. निळ्या पट्ट्यांचा जोड, एकाच्या टाचेखाली वाळू.

"ए, कुणाच्या राहिल्या?" मामांनी हाक दिली.

कुरळीनं मागं वळून पाहिलं, मग छताकडं पाहिलं. छत रिकामं होतं. दहा महिन्यांत शिकलेली सगळी भाषा तिच्या डोक्यातून उडाली आणि ती आपल्या मूळच्या भाषेत काहीतरी बोलू लागली. कुणालाच ते कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं.

इंजिन सांभाळायला मामांचा मेहुणा असे. वंगणात माखलेला, पन्नाशीचा, तोंडाचा फटकळ. तो काही विचारायच्या आतच मामा म्हणाले, "चालू कर." लाँच फिरली. साडेअकरा होऊन गेले होते. धक्क्यापासून साठ-सत्तर मीटर गेली आणि खाली 'फस्स' असा आवाज होऊन थांबली. मेहुण्यानं इंजिन उलटं फिरवलं, पुन्हा सरळ. मागं काळा चिखल उसळला. बांबू रोवून रोवून दोघांनी कशीबशी तिला मागं आणली तेव्हा मेहुण्याच्या हातांची सालं निघाली होती.

"दाजी, साडेचारशिवाय नाही," तो म्हणाला. "उगाच रुतून बसलो तर साडेचारलाही नाही."

मामांना हे त्याच्या आधीपासून माहीत होतं. लहान होडी? गाळात होडी चालत नाही. चालत? त्यांनी स्वतःच्या चुलत भावाला त्या गाळातून दोरानं ओढून काढलेलं पाहिलं होतं. बंदराच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या कारकुनानं शेजारच्या बंदरातून बोट पाठवता येईल असं सांगितलं, पण तिला बाहेरच्या समुद्रातून वळसा घालायला पाच तास लागणार आणि त्या बाजूला खडक असल्यानं ती बेटाला लागणार नाही ती नाहीच. "मुलगी जमिनीवर आहे ना?" त्यानं विचारलं. "आहे." "मग भरतीपर्यंत थांबा. काही लागलं तर कळवा." काही लागलं तर म्हणजे काय, हे मामांना विचारायचं होतं. तोवर फोन ठेवला गेला.

माऊचा फोन कुरळीच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. पाण्याची बाटलीही. बाईंनी न राहवून माऊचा नंबर लावला, तो कुरळीच्या काखेत वाजला आणि कुरळी मटकन खाली बसली.

मेहुण्याकडं जुनी दुर्बीण होती, एका डोळ्याला चीर गेलेली. पावणेएकच्या सुमाराला तो म्हणाला, "आली. अलीकडच्या वाळूवर आली." सगळे धक्क्याच्या टोकाला धावले. नुसत्या डोळ्यांना एक ठिपका दिसत होता, एवढंच. ठिपका वाळूवर इकडून तिकडं गेला, लाँच लागते तिथं थांबला, परत फिरला. मग नारळीच्या सावलीत जाऊन बसला.

"शहाणी आहे," बाई म्हणाल्या. "सावलीत बसली. बसेल ना हो मामा ती?"

मामा धक्क्याला लावलेल्या खुणेच्या खांबावर पाणी कुठवर उतरलं ते पाहत होते. खांब त्यांच्याकडं बघत होता. दोघांनाही काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात माऊची इथली आई आली. टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, तशीच उठून आली होती, बोटाला शिक्क्याची शाई. एका हातात पाण्याची मोठी बाटली, दुसऱ्यात छत्री. जणू मुलगी इथंच कुठं उभी आहे आणि तिला पाणी द्यायचं आहे. मामांना वाटलं, आता ही आपली खरडपट्टी काढणार आणि काढली तर बरं होईल.

ती म्हणाली, "तिच्या सॅंडल द्या इकडं."

मामांनी दिल्या. तिनं पदरानं टाचेखालची वाळू पुसली. "दहा महिने सांगतेय, पायात घालून फीर. ऐकेल तर शपथ." मग पट्टे सरळ करत, "परवा तिच्या आईच्या स्वाधीन करायची आहे हो मला. जशी आली तशी."

"माझी चूक आहे, ताई," मामा म्हणाले.

"ते मागाहून बघू. आत्ता काय करायचं ते सांगा."

मामा पुन्हा खांबाकडं वळले.

सव्वाच्या पुढं दांडा वर यायला लागला. आधी एक पिवळसर रेघ, मग पाठ, मग रस्ता. मुलांना दांड्याची गंमत ठाऊक नव्हती. आपल्या मैत्रिणीला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी टॉवेल काढले आणि हलवायला सुरुवात केली. लाल, हिरवे, पट्ट्यापट्ट्यांचे. ठिपका उठला. त्यानंही हात हलवला. मुलं ओरडली, शिट्ट्या घातल्या. ठिपका चालू लागला.

"चालली," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दाजी, ती दांड्यावरनं इकडंच निघाली."

मामा मुलांकडं धावले. त्यांनी मुलांना दोन वाक्यांत काठीचं आणि गाळाचं सांगितलं. झालं, आता मुलं दुप्पट जोरानं हात हलवायला लागली. परत जा, परत जा. बाईंनी ओढणी काढून हलवली. टपालातल्या आईनं छत्री उघडून उंच धरली. मामांनी लाँचवर उडी मारून भोंगा दिला, एकदा, दोनदा, लांबलचक.

"पळतेय ती," मेहुणा म्हणाला. "अहो, पळत येतेय."

तेव्हा मामांच्या डोक्यात उजेड पडला. पावणेदोन किलोमीटरवरून बघणाऱ्याला काय दिसतं? आपली माणसं, आपल्याकडं बघून हात हलवणारी. जितके जास्त हात, तितकं तिला वाटतं की मला बोलावतायत.

"खाली बसा," मामा म्हणाले. "सगळे. हात खाली. पाठ करा तिकडं."

मुलं बघतच राहिली.

"पाठ करून बसा म्हणतो ना. टॉवेल लपवा. छत्री मिटा, ताई."

"मामा, असं कसं?" बाईंचा आवाज चिरकला. "तिला वाटेल, आपण तिला टाकलं."

"वाटू दे."

"घाबरेल ती."

"घाबरली तर थांबेल, बाई. बसा."

मग अठरा मुलं, त्यांच्या बाई आणि टपाल कचेरीतली ती आई समुद्राकडं पाठ करून उन्हात ओळीनं बसली. समोर जाळी ठेवायच्या खोपटाची पत्र्याची भिंत होती. तिच्यावर कुणीतरी खडूनं मासा काढला होता. इतकी माणसं इतका वेळ त्या माशाकडं याआधी कधी बघत बसली नसतील. मामा त्यांच्यातच बसले. एकट्या मेहुण्याला त्यांनी लाँचच्या काचेआड ठेवलं.

"काय करतेय?" मामांनी मान न वळवता विचारलं.

"हळू झाली."

"आणि आता?"

"चालतेय अजून. बघतेय इकडं." थोड्या वेळानं, "थांबली."

"काठी कुठंय? काठीच्या किती मागं?"

"काठी दिसत नाही, दाजी. ऊन फार आहे. वाळू सगळी थरथरतेय." मग त्यानं दुर्बिणीची काच पुसली.

"अरे बोल ना."

"ती पण दिसत नाही आता. मघाशी होती, आता नुसतं पाणी पाणी दिसतंय. पाणी नाही ते, वाफ आहे. मला काही कळत नाही, दाजी."

त्यानंतरचे अडीच तास कसे गेले, ते सांगून उपयोग नाही. हातावर हात ठेवून बसणं म्हणतात ते एवढं जड काम असेल, असं मामांना वाटलं नव्हतं. उठून वळून बघायची सोय नव्हती. ती थांबली असेल आणि हे उठलेले दिसले तर पुन्हा निघायची. पुढं गेलेली असेल तर बघून करायचं काय? कुरळी गुडघ्यात डोकं घालून होती. एक मुलगा, आडदांड, सकाळी सगळ्यांना खांद्यावर घेऊन नाचणारा, माशाकडं बघत मुकाट्यानं रडत होता. कुणीतरी बाटली फिरवली. ती ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि भरलेलीच परत आली. माऊजवळ पाणी नव्हतं ना.

टपालातली आई हळूच म्हणाली, "पहिल्या महिन्यात ती माझ्याशी बोलतच नव्हती. मी रागावले तर दारामागं जाऊन बसायची. तिथं पाठ करून."

मामांनी मान डोलावली. त्यांच्या मनात सारखे जोडच येत होते. अठरा, एकोणीस, वीस. इतकी वर्षं आपण नेमकं मोजत काय होतो?

चारला पाण्यानं धक्क्याच्या पहिल्या पायरीला बोट लावलं. साडेचार व्हायला अवकाश होता, तरी मामा उठले. मेहुणा काहीतरी बोलणार होता, पण दाजींच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं इंजिनाला हात घातला. टपालातली आई न विचारता लाँचवर चढली. आणि शिडीच्या डोक्याशी तिनं आपल्या चपला काढून पेटीत ठेवल्या, नियमाप्रमाणं. मामांना ते बघवलं नाही.

लाँच गाळ खरवडत, थांबत, पुन्हा सुटत निघाली. दांडा पाण्याखाली गेला होता. काठीचं नुसतं टोक वर होतं. तिच्या आसपास काहीच नव्हतं. टोपी नाही, कापड नाही. मामांनी सुकाणू धरलं होतं आणि त्यांना आपले हात दिसत होते, पण ते आपलेच आहेत असं वाटत नव्हतं.

मेहुणा नाळेवर, लाँचच्या पुढच्या टोकाला, उभा होता. मग म्हणाला, "दाजी, तिसऱ्या नारळीखाली."

ती बसली होती. लाँचकडं पाठ करून.

आई पाण्यातून धावली, साडी भिजली, छत्री वाहून गेली. तिनं हाक मारली तेव्हा माऊनं वळून पाहिलं. ओठ फुटलेले, चेहरा लालबुंद. दोन्ही तळपायांना हे एवढाले फोड आलेले, तापल्या वाळूनं भाजलेले. तिला उभं राहता येईना. आधी ती पाणी प्यायली, घटाघटा, मग मामांकडं बघून म्हणाली, "मामा, तुम्ही सगळे रागावले?"

मामा तिच्यापुढं वाळूत बसले.

"मी चालत येत होते. खूप लोक हात करत होते. मग सगळे खाली बसले. पाठ केली. मला वाटलं, मी उशीर केला म्हणून." तिनं श्वास घेतला. "मग मी पण रागावले. मी पण पाठ करून बसले. खूप वेळ. मग पाणी आलं पायाला, मी मागं आले."

"कुठं बसलीस, बाळा?" मामांनी विचारलं. "दांड्यावर कुठं?"

"तिथं एक काठी आहे ना," ती म्हणाली. "तिला टेकून."

मेहुण्यानं तोंड फिरवलं आणि इंजिनात काहीतरी करत बसला. इंजिनाला काही झालं नव्हतं.

मामांनी तिला उचलून लाँचवर आणलं. आईनं सॅंडल पुढं केल्या, पण त्या पायांत काय जाणार? धक्का आला तेव्हा मामा 'बरोबर' म्हणाले नाहीत. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. मुलांनी माऊला घेरून टाकलं होतं.

दोन दिवसांनी ती गेली, दोन्ही पायांना पट्ट्या बांधून, आईच्या घरातल्या मऊ सपाता घालून, चाकांच्या खुर्चीवरून. जशी आली तशी नाही गेली. तिच्या आईनं, त्या तिकडच्या आईनं, फोनवर काय म्हटलं ते टपालातल्या आईनं कधी कुणाला सांगितलं नाही. मामांनीही विचारलं नाही. टपालातली आई एकदा धक्क्यावर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "चालते आता नीट. पण चपला घालून."

निळ्या सॅंडल त्या संध्याकाळी आईनं पुन्हा पेटीत टाकल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. बायकोनं दोनदा सांगितलं, द्या त्या ताईंकडं, पाठवतील. मामा बरं म्हणाले आणि दिल्या नाहीत. ते आधी मेहुण्याच्या लक्षात आलं. जाताना मामा निळा जोड धरत नाहीत, परतीच्या वेळी पेटीत वाकून तोही मोजतात आणि आकडा कधीच जुळत नाही.

"दाजी, त्या काढा की बाहेर," तो म्हणाला. "हे म्हणजे मुद्दाम गणित चुकवून ठेवणं झालं."

"असू दे चुकलेलं," मामा म्हणाले.

आता परतीची लाँच सुटायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. लोक कुरकुरतात. मामा पेटीवरून उठतात, "एक जोड जास्त," असं पुटपुटतात आणि मग फळ्यांवरून, नाळेपासून छतापर्यंत, एकेकापुढं जाऊन उभे राहतात. चेहरा बघतात, खांद्याला हात लावतात आणि पुढं जातात.